गादी राणीकडून यायची का? फॅरोंच्या बायका, आया आणि वारस

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा : "प्राचीन इजिप्तमध्ये गादीचा हक्क राजघराण्यातल्या मुलीकडे असायचा, तिच्याशी लग्न केल्याशिवाय कुणाला राजा होता यायचं नाही, म्हणून फॅरो सख्ख्या बहिणींशी लग्नं करायचे, असं वाचलं. हे खरं आहे का? आणि पट्टराणीचाच मुलगा गादीवर बसायचा का?"

दोन्हींचं उत्तर 'नाही'. पण पहिला समज इतका मुरलेला आहे की नुसतं नाही म्हणून भागत नाही. मी पंचवीसएक वर्षं प्राचीन इतिहास शिकवला, त्यातली बरीचशी इजिप्तच्या शिलालेखांत गेली. कैरो-लक्सरला नेलेल्या प्रत्येक गटात निदान एक जण तरी हाच प्रश्न विचारतो, आणि बहुतेक वेळा त्याच्या आदल्या दिवशी तिथल्या गाइडनं त्याला हेच ठासून सांगितलेलं असतं.

समज आला कुठून? जुन्या अभ्यासकांना अठराव्या घराण्यातल्या काही राण्यांच्या नावांपुढे 'राजकन्या, राजभगिनी, राजपत्नी' अशी पदव्यांची माळ दिसली. राजे बहिणींशी लग्न का करतात, याचं काहीतरी व्यवहारी कारण त्यांना हवं होतं. त्यातून 'वारसकन्या' सिद्धांत उभा राहिला : हक्क आईकडून मुलीकडे उतरतो, आणि राजाचा मुलगा असला तरी त्याला ती मुलगी करूनच गादीवर बसावं लागतं. ऐकायला झकास. १९८३ मध्ये गे रॉबिन्स यांनी त्याच घराण्यातल्या राण्यांच्या पदव्या एकेक करून तपासल्या आणि हा डोलारा कोसळला. पाठ्यपुस्तकांतून आणि टीव्हीवरून तो अजून हललेला नाही, ही गोष्ट वेगळी.

मराठी वाचकाला हा घोटाळा पटकन समजावा. गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावि ही नावं आपण शाळेपासून ऐकतो. नाव आईचं, पण गादी गौतमीपुत्राकडून त्याच्या मुलाकडे, म्हणजे बापाकडूनच गेली. आईचं नाव मिरवणं आणि आईकडून हक्क येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता इजिप्तकडे. राण्यांच्या पदव्या वाचायला चित्रलिपी सगळी यावी लागत नाही. चार-पाच चिन्हं ओळखली तरी पुरतं. राजाचं चिन्ह म्हणजे लव्हाळ्यासारखं एक रोप. राजाचा मान म्हणून ते नेहमी आधी लिहायचं, उच्चारताना मात्र नंतर. त्या रोपाशेजारी पाण्यानं भरलेल्या विहिरीचं चिन्ह आणि पावाचा छोटा अर्धगोल असेल, तर 'हेमेत नेसुत', राजपत्नी. रोपाशेजारी बदक आणि पाव असेल, तर राजकन्या. गिधाड आणि पाव असेल, तर राजमाता. आणि राजपत्नीच्या पुढे पाकोळी दिसली, तर 'थोर राजपत्नी', जिला आपण पट्टराणी म्हणतो. पाकोळीच्या शेपटीची टोकं नीट बघायची बरं का. शेपटी दुभंगलेली असेल तर अर्थ 'थोर', आणि गोलसर असेल तर ती चिमणी, तिचा अर्थ 'क्षुद्र, वाईट'. मी स्वतः सुरुवातीला एका राणीला चुकून क्षुद्र करून ठेवलं होतं.

तर बदक शोधा. राणीच्या पदव्यांत बदक नसेल, तर ती राजाची मुलगी नव्हती. ज्यांच्या वाट्याला राजकन्येची पदवी यायची, त्यांनी ती कधी लपवली नाही. तेवढं मोठं भूषण दुसरं नव्हतं.

या कसोटीवर सिद्धांताचं घर समजलं जाणारं अठरावं घराणंच लावून पाहा. थुटमोस तिसऱ्याची आई इसेत. त्याचा मुलगा अमेनहोटेप दुसरा, त्याची आई मेरित्रे-हॅटशेपसुत (नावावर जाऊ नका, प्रसिद्ध हॅटशेपसुत वेगळी). त्याचा मुलगा थुटमोस चौथा, आई तिआ. त्याचा मुलगा अमेनहोटेप तिसरा, आई मुतेमविया. त्याचा मुलगा अखेनातेन, आई तिये. बापाकडून मुलाकडे सलग पाच राजे, इ.स.पू. १४७९ च्या आसपासपासून १३३६ पर्यंत, आणि पाचांपैकी एकाही आईच्या पदव्यांत बदक नाही. मुलीच्या पोटी मुलगी अशी वारसकन्यांची साखळी असायला हवी होती, तर तिचे दुवे इथेच कुठेतरी दिसले असते.

तिये तर या सिद्धांताला सरळ वाकुल्या दाखवते. अमेनहोटेप तिसऱ्यानं कारकिर्दीच्या सुरुवातीला दगडात कोरलेले, झिलई दिलेले मोठे भुंगे घडवून घेतले. तळहातावर मावेल एवढा एक भुंगा, पालथा केला की पोटावर ओळीमागून ओळ बारीक लेख. त्या काळचं जाहीरपत्रकच म्हणा ना. आधी राजाची सगळी बिरुदं, मग थोर राजपत्नी तिये, आणि मग सरळ : तिच्या वडिलांचं नाव युया, आईचं नाव थुया; ती ज्या पराक्रमी राजाची पत्नी आहे त्याची दक्षिण सीमा कारॉयला आणि उत्तर सीमा नहारिनला भिडते. आईबापांच्या नावांपुढे एकही पदवी नाही. युया हा अख्मीमकडचा, राजाच्या घोड्यांच्या आणि रथदळाच्या कारभारातला अधिकारी. त्या दोघांचं जवळजवळ शाबूत थडगं १९०५ मध्ये राजांच्या दरीत सापडलं. कैरोत त्यांच्या ममी पाहिल्यात तर थुयाचे केस अजून ओळखू येतात. राजाला आपल्या सासऱ्याचं साधेपण लपवायचं असतं, तर त्यानं ते भुंग्यांच्या पोटावर कोरून गावोगाव वाटलं नसतं. गंमत पुढेच आहे. कारकिर्दीच्या दहाव्या वर्षी मितन्नी या उत्तरेकडच्या राज्याची राजकन्या गिलुखेपा ३१७ बायकांच्या लवाजम्यासह इजिप्तला आली, त्याचाही भुंगा निघाला. सवत येत असल्याच्या त्या जाहिरातीतसुद्धा आधी नाव तियेचं, आणि तिच्या आईबापांसकट!

मग बहिणींशी लग्नं का? लग्नं होत होती, यात शंका नाही. अठराव्या घराण्याचा पहिला राजा अहमोस आणि अहमोस-नेफर्तारी हे भाऊबहीण. माझ्या मते याचं उत्तर राजापेक्षा राजकन्येच्या बाजूनं शोधावं. तिला द्यायची कुणाला? बॅबिलोनचा राजा कदश्मन-एन्लिल यानं अमेनहोटेप तिसऱ्याकडे मुलगी मागितली, तेव्हा उत्तर गेलं की इजिप्तच्या राजाची मुलगी आजवर कुणाला दिलेली नाही. त्यावर बॅबिलोनचं प्रत्युत्तर अमार्नाला सापडलेल्या मातीच्या पाट्यांत आहे, आणि ते मी वर्गात वाचून दाखवलं की हशा ठरलेला. तो म्हणतो, तू राजा आहेस, मनात आणलंस तर काय करू शकत नाहीस? मुलगी नसेल द्यायची, तर कुणाचीही एखादी देखणी, उपवर पोर पाठव. ती राजाची मुलगी नाही असं इथे कोण म्हणणार आहे? इजिप्तचा राजा दुसऱ्यांच्या मुली मात्र खुशाल करून घेत होता. मुलगी घेणारा वरचढ आणि देणारा खालचा, हे गणित आपल्याला समजावून सांगायला नको.

म्हणजे बाहेर द्यायची नाही. घरात ठेवली की ऑसिरिस-इसिससारख्या देवांच्या भाऊबहीण जोड्यांशी नातं सांगता येतं, आणि प्रजेपासून आपलं वेगळेपणही राखता येतं, कारण फॅरोंच्या काळात सामान्य माणसं सख्ख्या बहिणीशी लग्न करत नव्हती. (प्रेमकवितांत आणि थडग्यांत बायकोला 'बहीण' म्हटलेलं आढळतं, पण तो नुसता लाडाचा शब्द. त्यावरूनही बरेच जण फसले आहेत.) यातलं काहीही 'गादीसाठी लग्न' नाही. उलट पुरावा हवा असेल तर सक्कारातलं मेरेरुकाचं थडगं बघा, तीसहून अधिक खोल्यांचं. हा सहाव्या घराण्यातल्या तेती राजाचा वजीर आणि जावई. राजकन्या त्याच्या घरात नांदत होती, तिच्या स्वतःच्या खोल्या त्या थडग्यात आहेत. तरी मेरेरुका वजीरच राहिला आणि गादी तेतीच्या मुलाकडे गेली.

ज्यांना गादीवरचा हक्क सिद्ध करायची गरज पडली, त्यांनी काय सांगितलं तेही बघा. हॅटशेपसुतनं देर अल-बहारीच्या भिंतीवर कोरलं की खुद्द अमुन देव तिच्या आईपाशी आला. अमेनहोटेप तिसऱ्यानं लक्सरच्या देवळात तेच स्वतःबद्दल कोरलं. थुटमोस तिसरा म्हणतो, मी कर्नाकला लहान असताना देवाची मिरवणूक माझ्यापाशी येऊन थांबली. देव सांगितला, बाप सांगितला. बायकोचा आधार कुणीच घेतलेला नाही.

'पण मग तुतनखामनच्या विधवेचं काय?' हा पुढचा प्रश्न हमखास येतो. हकिकत हित्ती (आजच्या तुर्कस्तानातल्या राज्याचा) राजा सुप्पिलुलिउमा याच्या मुलानं लिहवून घेतलेल्या बखरीत आहे. इजिप्तच्या राणीचं पत्र आलं : माझा नवरा मेला, मला मुलगा नाही, तुला पुष्कळ मुलगे आहेत म्हणतात, एक मला दे, तो माझा नवरा होईल, माझ्याच सेवकाशी मी लग्न करणार नाही. राजा चक्रावला. असलं काही आपण जन्मात ऐकलं नाही म्हणाला आणि खातरजमा करायला माणूस पाठवला. राणीनं फणकारून उत्तर दिलं की मुलगा असता, तर मी स्वतःची आणि देशाची लाज परक्या मुलखात अशी सांगितली असती का? बखरीत तिचं नाव 'दहामुन्झु' दिलंय. ते नाव नव्हेच. 'राजपत्नी' हा इजिप्ती शब्द हित्ती कानांना तसा ऐकू आला. बहुतेक अभ्यासक तिला अंखेसेनामुन मानतात.

राणीच्या हातात गादी होती, असं यावरून म्हणतात. पण पुढे घडलं काय? हित्ती राजपुत्र झन्नान्झा निघाला आणि मारला गेला. गादीवर बसला म्हातारा दरबारी आय. तुतनखामनच्या थडग्यातल्या उत्तरेकडच्या भिंतीवर तो बिबट्याचं कातडं पांघरून मृत राजाचा मुखोद्घाटन विधी, म्हणजे अंत्यविधीतला तोंड उघडण्याचा संस्कार, करताना दिसतो. हे चित्र म्हणजे त्याचा वारसदाखला. इजिप्तमध्ये जो मृताचं दफन करील तो वारस, ही रीत सामान्यांच्या मालमत्तेलाही लागू होती. ज्यानं पाणी पाजलं त्याचा हक्क, हे आपल्याला नवीन नाही. आय आणि अंखेसेनामुन यांची नावं शेजारी शेजारी असलेली एक अंगठी आहे, आणि तेवढ्यावर 'आयनं तिच्याशी लग्न करून राज्य मिळवलं' ही कथा रचली गेली. आयच्या स्वतःच्या थडग्यात त्याच्या शेजारी बायको म्हणून दिसते ती त्याची जुनी बायको तेय.

आता तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे, आणि खरं सांगायचं तर मला त्यातच जास्त रस आहे.

'पट्टराणी' हा शब्द वापरताना एक जपायचं : एकाच वेळी एकाहून जास्त थोर राजपत्नी असू शकत. रामसेस दुसऱ्याच्या नेफर्तारी आणि इसेतनोफ्रेत दोघी होत्या. पुढे त्यानं स्वतःच्या काही मुलींनाही ती पदवी दिली. चाळिसांहून जास्त मुलगे झाले. देवळांच्या भिंतींवर ते वयानुसार ओळीनं उभे आहेत, आई कुठली ते न पाहता. पहिला वारस नेफर्तारीचा थोरला मुलगा. तो गेला, मग दुसरा, इसेतनोफ्रेतचा. बाप ६६ वर्षं राज्य करत राहिला आणि मुलगे एकामागून एक मरत राहिले. शेवटी गादी मिळाली ती तेराव्या मुलाला, मेर्नेप्ताहला, तोही इसेतनोफ्रेतचा. अबू सिंबेलचं धाकटं देऊळ नेफर्तारीला, राण्यांच्या दरीतलं सर्वांत देखणं थडगं नेफर्तारीला, आणि राजमातेचा मान सवतीला.

खरी सत्तेची पदवी हीच, राजमाता, गिधाडाची. तिची मेख अशी की ती नवऱ्याकडून मिळत नाही, मुलगा गादीवर बसला की मिळते. थुटमोस तिसऱ्याची आई इसेत नवऱ्याच्या हयातीत कुणाच्या खिजगणतीत नव्हती. मुलगा राजा झाला आणि त्यानं तिची काळ्या दगडाची मूर्ती बसवली, डोक्यावर सोन्याचा पत्रा मढवलेला मुकुट. ती १९०४ मध्ये कर्नाकच्या आवारात पुरलेल्या मूर्तींच्या ढिगात सापडली. अठराव्या घराण्यात गादीनं राणी घडवली, ती अशी मागाहून.

ही रीत अगदी आरंभापासूनची. अबिडॉसला पहिल्या घराण्याचा राजा देन याच्या काळातला एक मुद्राठसा सापडला. त्यात राजांची नावं क्रमानं आहेत आणि सोबत 'राजमाता मेर्नेइथ'. इंग्रज उत्खननकार पेट्रीला १९०० मध्ये तिचं थडगं मिळालं, तेव्हा त्याला ते एखाद्या राजाचंच वाटलं होतं, इतकं ते राजांच्या तोडीचं. सहाव्या घराण्यात पेपी पहिला यानं अबिडॉसच्या खुई नावाच्या माणसाच्या दोन मुलींशी लग्न केलं. दोघींचं नाव एकच, अंखेसेनपेपी. एकीचा मुलगा राजा झाला, त्याच्यानंतर दुसरीचा, म्हणजे धाकटा पेपी. त्यांचा भाऊ जाऊ वजीर झाला. धाकट्या पेपीची आईच्या मांडीवर बसलेली छोटी मूर्ती ब्रुकलिनच्या संग्रहालयात आहे. पोर आडवं बसलंय, डोक्याला राजाचं वस्त्र, चेहरा थोरामोठ्यासारखा, आणि अंगानं आईच्या निम्मासुद्धा नाही. आईच्या डोक्यावर गिधाड पंख पसरून. राज्य कोण चालवत होतं, हे सांगायला वेगळा शिलालेख नको.

जिचा मुलगा राजा होईल, तिचं आणि तिच्या माहेरचं भाग्य उजळायचं. बाकीच्या जनानखान्यातच राहायच्या. कुठली राणी कुठल्या पायरीवर हे लेखी ठरलेलं नसेल, तर काय होतं, याचा सर्वांत उघडा पुरावा रामसेस तिसऱ्याच्या अखेरीचा, इ.स.पू. ११५५ च्या सुमाराचा. मेदिनेत हाबूच्या त्याच्या देवळात राणीची आकृती आहे, पण नावाची चौकट कोरीच. मी गटाला तिथे थांबवून ती रिकामी चौकट दाखवतो. आणि त्याच राजाच्या जनानखान्यातून कट शिजला : तिये नावाच्या राणीचा (ही वेगळी तिये) मुलगा पेंतावेरे याला गादीवर बसवायचं.

खटल्याचे कागद ट्युरिनच्या पपायरसवर आहेत. जनानखान्यातल्या बायका बाहेर निरोप धाडत होत्या. एकीचा भाऊ दक्षिणेकडच्या कुशमधल्या तिरंदाजांचा नायक. तिनं त्याला कळवलं की लोकांना उठव आणि धन्यावर चाल करून ये. पहारेकऱ्यांना भुलवायला मेणाच्या बाहुल्या आणि मंत्रतंत्र झाले. आरोपींची नावं लिहितानाच बिघडवली आहेत : एकाचं नाव 'रे त्याचा द्वेष करतो', दुसऱ्याचं 'आंधळा नोकर'. खरं नाव लिहिलं तर ते टिकेल, म्हणून. कहर म्हणजे चौकशीला नेमलेल्यांपैकीच काही जण आरोपी बायकांबरोबर मद्यपान करताना सापडले. त्यांची नाकं-कान कापले गेले, त्यांतल्या एकानं नंतर जीव दिला. पेंतावेरेला शिक्षा म्हणून स्वतःच मरायला सोडलं. खुद्द राणी तियेचं काय झालं, याबद्दल पपायरस गप्प आहे.

राजा त्या हल्ल्यात मेला की वाचला, यावर शंभरेक वर्षं वाद झडले. मग त्याच्या ममीचा सीटी स्कॅन झाला आणि २०१२ मध्ये निष्कर्ष आला : गळा मणक्यापर्यंत कापलेला, पट्ट्यांखाली झाकलेला, जखमेत रक्षणासाठी ठेवलेला होरसचा डोळा. तरीही कट फसलाच म्हणायचा, कारण गादीवर ठरलेला वारस रामसेस चौथाच बसला.

बाईकडून बाईकडे जाणारा वारसा इजिप्तमध्ये शोधायचाच असेल, तर तो आहे, पण गादीच्या बाहेर : थीब्जमधल्या (म्हणजे आजच्या लक्सरमधल्या) 'अमुनची देवपत्नी' या पदात. इ.स.पू. आठव्या शतकापासून ही देवपत्नी अविवाहित राजकन्या असायची. तिला जमिनी, कोठारं, स्वतःचे कारभारी आणि चौकटीत नाव लिहायचा राजमान. आणि वारस दत्तक मुलगी. इजिप्तच्या दक्षिणेकडच्या न्युबियाच्या राजांनी आपली मुलगी आधीच्या देवपत्नीला दत्तक देऊन थीब्ज ताब्यात घेतलं, तलवार न काढता. पुढे उत्तरेच्या साइसचा प्साम्तिक पहिला जिंकला, तेव्हा त्यानंही तोच मार्ग धरला. इ.स.पू. ६५६ मध्ये मुलगी नितोक्रिस हिला जहाजांच्या ताफ्यातून थीब्जला धाडलं. सोळा दिवसांचा प्रवास. कर्नाकच्या शिलालेखात तो म्हणतो की तिथे आधीच बसलेल्या वारसाला मी हुसकावणार नाही, माझी मुलगी त्यांच्या पदरात घालतो. आणि मग लांबलचक यादी येते, नव्या दत्तक मुलीला कुणी रोज किती भाकरी, किती दूध, किती भाजी पोचवायची त्याची. ही परंपरा इ.स.पू. ५२५ मध्ये इराण्यांनी देश जिंकला तेव्हा थांबली. शेवटची देवपत्नी अंखनेसनेफेरिब्रे. तीही नितोक्रिसची दत्तकच.